चौऱ्याऐंशी टक्के म्हणजे नेमके कोण? ऑनलाइन सर्वेक्षण समजून घेताना

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सूचनाफलकावर मागच्या उन्हाळ्यात एक कागद लागला. ‘चोवीस तास पाण्यासाठी मेंटेनन्स वाढवण्यास ८४ टक्के सभासदांची संमती’ असे त्यावर ठळक अक्षरांत छापले होते. संस्थेत ९६ सदनिका आहेत. व्हॉट्सॲप गटावर टाकलेला गूगल फॉर्म ३१ जणांनी भरला होता आणि त्यांतल्या २६ जणांनी ‘होय’वर टिचकी मारली होती. ३१ पैकी २६ म्हणजे ८४ टक्के, हा हिशेब बिनचूक आहे. ९६ पैकी २६ म्हणजे जेमतेम २७ टक्के, हाही तितकाच बिनचूक आहे. फलकावर चढला तो पहिला. समितीतल्या कोणाचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. टक्केवारी फॉर्मनेच काढून दिली होती, तीही रंगीत वर्तुळासकट, आणि यंत्राने काढलेल्या वर्तुळावर शंका घ्यायची आपल्याला सवय नाही.

असे फॉर्म आता सगळीकडून येतात. बँकेत पासबुक भरून घेतले की ‘आमची सेवा कशी वाटली?’ असा संदेश येतो, गाडी सर्व्हिसिंगहून परतली की लिंक येते, मुलांच्या शाळेतून येते, कार्यालयात वर्षातून एकदा ‘कर्मचारी समाधान सर्वेक्षण’ येते आणि स्वच्छ सर्वेक्षणाचा हंगाम आला की महापालिकाही आपले मत विचारते. या विचारण्यामागे काय असते, त्यातून निघालेल्या आकड्यांवर किती विसंबावे आणि आपण उत्तर द्यावे की न द्यावे, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

थर्मामीटर आणि ग्रामसभा

संस्था लोकांना दोन निरनिराळ्या कारणांसाठी प्रश्न विचारतात आणि बहुतेक गोंधळ ही दोन कारणे एकात एक मिसळल्यामुळे होतो.

पहिले कारण मोजण्याचे. शहरातल्या किती लोकांना कचरागाडी रोज येते असे वाटते, किती ग्राहक पुन्हा याच दुकानात येतील, किती कर्मचारी नोकरी सोडण्याच्या विचारात आहेत, हे जाणून घ्यायचे असते. इथे सर्वेक्षण थर्मामीटरचे काम करते. थर्मामीटर लावून घेण्यात रुग्णाला उत्साह आहे की नाही याला महत्त्व नसते. पारा खरा दाखवतो की नाही, एवढेच महत्त्वाचे असते.

दुसरे कारण लोकांना सामील करून घेण्याचे. उद्यान कसे असावे, ग्रंथालयाची वेळ बदलावी का, विकास आराखड्यात काय राहून गेले, असे विचारताना ‘आम्ही तुमचे ऐकतो’ हेही संस्थेला सांगायचे असते. हे काम ग्रामसभेच्या जातीचे. ग्रामसभेला सगळे गाव येत नाही. ज्याला बोलायचे आहे तो येतो आणि त्याची सूचना चांगली असेल तर ती एकट्याची असूनही स्वीकारली जाते. तिथे टक्केवारीला फारसा अर्थ नसतो.

दोन्ही कामे चांगलीच आहेत. मात्र ग्रामसभा भरवायची आणि तिचा अहवाल थर्मामीटरच्या भाषेत लिहायचा, हा प्रकार फसवा असतो. आमच्या फलकावर नेमके तेच झाले होते.

शितावरून भाताची परीक्षा, पण कोणत्या शितावरून?

मोजायचे असेल तर प्रत्येकाला विचारावे लागत नाही. आपल्या आजीला हे संख्याशास्त्राच्या कितीतरी आधी ठाऊक होते. पातेल्यातले एक शीत बोटांत चिरडले की भात झाला की नाही ते कळते. विचारण्यासाठी निवडलेल्या अशा थोड्या लोकांना ‘नमुना’ म्हणतात.

यातली अट अशी की शीत पातेल्यात कुठूनही उचलता आले पाहिजे. फक्त वरच्या थरातले शीत पाहिले तर तळाला करपलेला भात कळणारच नाही. म्हणूनच नीट केलेल्या सर्वेक्षणात संस्था आधी सगळ्या लोकांची यादी घेते, यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावे काढते आणि मग त्याच नावांच्या मागे लागून उत्तरे मिळवते. अशा रीतीने निवडलेल्या सुमारे ४०० जणांच्या उत्तरांवरून काढलेला आकडा शंभरपैकी पंचाण्णव वेळा खऱ्या आकड्यापासून पाच अंकांच्या आत असतो. ‘होय’ म्हणणारे ६० टक्के निघाले, तर खरा आकडा ५५ ते ६५ च्या दरम्यान असण्याची दाट शक्यता असते. ही फट अडीच अंकांवर आणायची तर १,६०० लोक लागतात. म्हणजे चूक निम्मी करायला मेहनत चौपट. लोकसंख्या ४ लाख आहे की ४० लाख, याने मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. नीट ढवळलेली आमटी वाटीभर असो वा हंडाभर, चव कळायला पळीच्या टोकावरचा थेंब पुरतो.

व्हॉट्सॲपवर सोडलेल्या लिंकमध्ये नेमकी ही निवडच नसते. तिथे आपण शीत उचलत नाही. जी शिते स्वतः उडी मारून बाहेर येतात, ती आपण मोजतो. उडी मारतात ते बहुधा दोन टोकांचे लोक असतात, फार चिडलेले किंवा फार खूश. मधल्या मोठ्या समूहाला त्या वेळी स्वयंपाक असतो, लोकल पकडायची असते किंवा काही म्हणायचेच नसते.

पण लाखो लोकांनी उत्तरे दिली असतील, तर?

संख्या मोठी असली की चूक आपोआप धुऊन निघते, असे पुष्कळांना वाटते. याला सर्वांत गाजलेले उत्तर अमेरिकेत १९३६ साली मिळाले. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या आणि त्यांतल्या २० लाखांहून अधिक भरून परत आल्या. आजही एवढा प्रतिसाद कोणाला मिळाला तर तो पेढे वाटेल. साप्ताहिकाने अंदाज वर्तवला की आल्फ्रेड लँडन सहज जिंकतील. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकून पुन्हा अध्यक्ष झाले. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला होता.

चूक दोन ठिकाणी झाली होती. साप्ताहिकाने पत्ते घेतले ते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारगाड्यांच्या याद्यांतून, आणि महामंदीच्या त्या काळात ज्याच्या घरी फोन व दारात गाडी, तो सर्वसाधारण मतदार नव्हता. शिवाय पाठवलेल्या मतपत्रिकांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिक परत आल्याच नाहीत, आणि न पाठवणारे हे पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळ्या विचाराचे होते.

टेलिफोनच्या यादीच्या जागी आज स्मार्टफोन ठेवून पाहा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ज्यांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले आहे, अशा स्त्रियांचे प्रमाण ३३.३ टक्के आणि पुरुषांचे ५७.१ टक्के निघाले. त्यानंतर हे आकडे नक्कीच वाढले असतील. पण ‘नळाला पाणी किती वाजता येते?’ हा प्रश्न फक्त ऑनलाइन विचारला, तर पाणी भरणाऱ्या बाईऐवजी फोन हातात असलेल्या पुरुषाचे उत्तर येण्याची शक्यता किती, हे वाचकांनीच ठरवावे.

प्रश्नातच दडलेले उत्तर

माणसे योग्य निवडली तरी प्रश्न वाकडा असेल तर उत्तर सरळ येत नाही. आमच्या फॉर्मवरचा प्रश्न असा होता: ‘सर्वांच्या सोयीसाठी चोवीस तास पाणी मिळावे व त्याकरिता मेंटेनन्समध्ये योग्य ती वाढ करावी, याला आपली संमती आहे का?’ या एका वाक्यात दोन प्रश्न आहेत. पाणी हवे पण वाढ नको, असे म्हणणाऱ्याने कुठे टिचकी मारायची? ‘सर्वांच्या सोयीसाठी’ हे शब्द आधीच बाजू घेतात, कारण सर्वांच्या सोयीला नाही म्हणणारा शेजाऱ्यांच्या नजरेत वाईट ठरतो. आणि ‘योग्य ती वाढ’ म्हणजे शंभर रुपये की हजार, हे सांगितलेलेच नाही.

शब्दांचा परिणाम किती होतो याचा एक जुना प्रयोग आहे. अमेरिकेत १९४० च्या सुमारास एका गटाला विचारले गेले, ‘लोकशाहीविरोधी जाहीर भाषणांवर बंदी घालावी का?’ त्यांतल्या ५४ टक्क्यांनी होय म्हटले. दुसऱ्या गटाला विचारले, ‘अशा भाषणांना परवानगी द्यावी का?’ तेव्हा ७५ टक्क्यांनी नाही म्हटले. परवानगी नाकारणे आणि बंदी घालणे यांचा परिणाम एकच; तरीही ‘बंदी’ हा शब्द जड वाटल्यामुळे एकवीस अंकांचे अंतर पडले.

‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’ अशी जी पाच पायऱ्यांची पट्टी आपण प्रत्येक फॉर्मवर पाहतो, ती मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली. ती सोपी आहे, म्हणूनच टिकली. पण अशा पट्ट्यांचे वीस प्रश्न मोबाइलच्या पडद्यावर एकाखाली एक आले की माणूस वाचणे सोडून देतो आणि ‘सहमत’च्या रांगेत वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवतो. जाणकार सर्वेक्षक म्हणून मध्येच एखादे उलट अर्थाचे विधान पेरतात. ‘वरिष्ठ माझे ऐकून घेतात’ आणि ‘वरिष्ठ माझ्याकडे दुर्लक्ष करतात’ या दोन्हींशी जो पूर्णपणे सहमत आहे, त्याचा फॉर्म बाजूला ठेवला जातो. मराठी फॉर्मची आणखी एक अडचण असते: पुष्कळदा तो इंग्रजीवरून शब्दशः उतरवलेला असतो आणि प्रश्नाचा अर्थ लावता लावता उत्तर देण्याची इच्छा संपते.

‘साहेब, दहा द्या हं!’

सेवा दिल्यानंतर येणारा शून्य ते दहाचा प्रश्न तुम्ही पाहिलाच असेल: ‘आमची शिफारस आपल्या मित्रांना करण्याची शक्यता किती?’ या पद्धतीला ‘नेट प्रमोटर स्कोअर’ म्हणतात आणि ती व्यवस्थापन सल्लागार फ्रेड रायकेल्ड यांनी २००३ साली मांडली. तिचा हिशेब ऐकण्यासारखा आहे. नऊ किंवा दहा देणारे ते प्रशंसक, सात-आठ देणारे तटस्थ, आणि शून्यापासून सहापर्यंत देणारे सगळे टीकाकार. प्रशंसकांच्या टक्क्यांतून टीकाकारांचे टक्के वजा करायचे. शंभरपैकी ४० जण प्रशंसक, ३५ तटस्थ आणि २५ टीकाकार असतील तर गुण झाले १५. आणि शंभरच्या शंभर ग्राहकांनी आठ दिले, तर गुण शून्य.

आपल्याकडे दहापैकी आठ म्हणजे डिस्टिंक्शन, घरी फोन करून सांगण्याजोगे. मनापासून खूश झालेला आणि पैकीच्या पैकी गुण फक्त गणितात मिळतात असे मानणारा मराठी ग्राहक समाधानाने आठ देतो आणि समोरच्या मुलाच्या खात्यावर काहीच जमा होत नाही. ‘सर, मेसेज येईल, प्लीज दहा द्या, नाहीतर माझा इन्सेंटिव्ह कापतात’ असे तो का विनवतो, हे यावरून कळावे. अशा विनवणीनंतर मिळालेले दहा सेवेचे मोजमाप उरत नाहीत. ते त्या मुलाची दया येऊन दिलेले गुण असतात. थर्मामीटरवर ताप कमी दिसला तर बक्षीस, असे ठरले की रुग्ण तो बर्फाच्या पाण्यात बुडवणारच.

सार्वजनिक क्षेत्रातही हे घडू शकते. केंद्र सरकारचे स्वच्छ सर्वेक्षण २०१६ साली ७३ शहरांपासून सुरू झाले. पुढे त्यात नागरिकांच्या अभिप्रायाला मोठे वजन मिळाले: २०१९ मध्ये ५,००० पैकी १,२५० गुण, तर २०२२ मध्ये ‘नागरिकांचा आवाज’ या भागाला ७,५०० पैकी २,२५०. रस्ता झाडला जातो की नाही हे अधिकाऱ्याऐवजी राहणाऱ्याला विचारावे, ही कल्पना मला मनापासून पटते. पण शहराचा क्रमांक या गुणांवर ठरू लागला की अभिप्राय गोळा करणे हीच मोहीम होते. चौकाचौकांत फलक लागतात, महाविद्यालयांत लिंक वाटल्या जातात. लोकांनी सहभागी व्हावे म्हणून हे उत्तमच. फक्त वाढलेल्या प्रतिसादातला किती वाटा स्वच्छतेचा आणि किती मोहिमेचा, हे क्रमवारीवरून ओळखता येत नाही.

टिचकी वेगळी, मत वेगळे

ऑनलाइन मागवलेल्या मतांचे सगळ्यांत बोलके भारतीय उदाहरण ‘नेट न्यूट्रॅलिटी’च्या, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या संकेतस्थळांना सारखीच वागणूक मिळावी का, या वादातले आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर २०१५ मध्ये एक सल्लामसलतपत्र काढून मोजके प्रश्न विचारले: वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी डेटाचे वेगवेगळे दर लावू द्यावेत का, आणि द्यायचे तर कोणत्या अटींवर. फेसबुकने तेव्हा काही निवडक संकेतस्थळे डेटाचे पैसे न घेता दाखवणाऱ्या आपल्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेच्या समर्थनार्थ वापरकर्त्यांकडून एका बटणावर पाठवता येणारा तयार मजकूर ट्रायकडे पाठवण्याची मोहीम चालवली. लाखो संदेश गेले. अडचण एवढीच होती की ट्रायने ‘फ्री बेसिक्स आवडते का?’ असे विचारलेच नव्हते, आणि त्या मजकुरात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे नव्हती. सल्लामसलतीला घडवून आणलेल्या जनमत चाचणीचे रूप दिले जात असल्याबद्दल प्राधिकरणाने कंपनीला पत्रातून खडसावले आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावपूर्ण दरांना मनाई करणारे विनियम काढले.

मुद्दा कोणती बाजू बरोबर होती हा नाही. सल्लामसलत ही ग्रामसभा असते, तिथे मुद्द्याचे वजन पाहतात. एकच वाक्य दहा लाख वेळा आले तरी मुद्दा एकच राहतो.

माझे नाव कळणार नाही ना?

कार्यालयातले सर्वेक्षण भरताना प्रत्येकाच्या मनात ही शंका असते आणि ती रास्त आहे. इथे दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात. ‘निनावी’ म्हणजे उत्तर कोणाचे हे कोणालाच कळू शकत नाही. ‘गोपनीय’ म्हणजे सर्वेक्षण करणाऱ्याला कळते, पण तो सांगणार नाही असे वचन देतो. आपल्या ईमेलवर खास आपल्यासाठी आलेली लिंक बहुधा दुसऱ्या प्रकारची असते. तसे नसते तर ‘आपण अजून फॉर्म भरलेला नाही’ अशी आठवण तुम्हालाच कशी आली असती?

नाव न विचारताही माणूस सापडतो. लेखा विभाग, स्त्री, वय पन्नासच्या पुढे, नोकरीची वर्षे वीसहून अधिक: चार टिचक्या झाल्या आणि विभागात अशी बाई एकच असेल तर पुढचे सगळे तिच्या सहीनिशी लिहिल्यासारखे होते. म्हणूनच जबाबदार संस्था अगदी लहान गटाचे निकाल वेगळे दाखवत नाहीत, पाच-दहा जणांची किमान मर्यादा ठेवतात. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानुसार वैयक्तिक माहिती कोणत्या कारणासाठी घेतली जात आहे हे सांगणे आणि त्या कारणापुरतीच संमती घेणे अपेक्षित आहे. गाडीच्या सर्व्हिसिंगचा अभिप्राय घेताना जन्मतारीख आणि घरातल्या माणसांची संख्या विचारली जात असेल, तर त्या फॉर्मचा उद्देश अभिप्रायाहून वेगळा आहे असे खुशाल समजावे.

मग हे सर्वेक्षण करूच नये का?

जरूर करावे. कागदी फॉर्म छापणे, वाटणे, गोळा करणे आणि आकडे संगणकात भरणे यांत जे आठवडे जात, ते आता जात नाहीत. ज्याच्याकडे गाडी नाही त्याला पार्किंगचे प्रश्न न दाखवण्याची सोय फॉर्ममध्येच असते. वरिष्ठांविषयी, आजाराविषयी किंवा पैशांविषयी माणूस समोर बसलेल्या प्रश्नकर्त्यापेक्षा पडद्यापुढे अधिक मोकळेपणी लिहितो.

उणिवा काही प्रमाणात भरूनही काढता येतात. समजा उत्तरे देणाऱ्या शंभरांत ७० पुरुष आणि ३० स्त्रिया आहेत, पण शहरात दोघांचे प्रमाण निम्मे-निम्मे आहे. अशा वेळी प्रत्येक स्त्रीचे उत्तर साधारण १.६७ आणि प्रत्येक पुरुषाचे ०.७१ असे धरून गणती करतात. याला भार देणे म्हणतात. त्यालाही मर्यादा आहे: फोन असलेल्या तीस स्त्रियांचा आवाज कितीही वाढवला तरी फोन नसलेल्या स्त्रीचे म्हणणे त्यातून ऐकू येत नाही. तिच्यासाठी दार वाजवावेच लागते. म्हणून लिंक, दूरध्वनी आणि प्रत्यक्ष भेट असे तिन्ही मार्ग मिळून वापरणारे सर्वेक्षण सहसा अधिक भरवशाचे असते.

आणि उत्तर द्यावे की नाही? ग्राहक म्हणून दरवेळी बांधील नाही; पण पाणी, रस्ता, शाळा यांविषयी कोणी विचारत असेल तर मी भरतो, कारण न भरणाऱ्याचा अर्थ शेवटी भरणाऱ्यांच्या उत्तरांवरूनच लावला जातो. मात्र मागच्या वेळच्या अभिप्रायाचे काय झाले हे संस्थेने एका ओळीनेही कळवलेले नसेल, तर पुढच्या लिंकला लोक उत्तर देत नाहीत, आणि मग प्रतिसाद घटल्याची तक्रार संस्थेने करण्यात अर्थ नसतो.

आमच्या संस्थेत कागद लागल्यावर अर्थातच कुरबुर झाली. शुल्क वाढवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेचा असतो, गूगल फॉर्मचा नव्हे, हेही कोणीतरी नियमावली काढून दाखवले. मग सचिवांनी प्रश्नाचे दोन तुकडे केले, वाढीचा आकडा दरमहा ४०० रुपये असा स्पष्ट लिहिला, फॉर्मच्या काही प्रती छापून घेतल्या आणि ज्यांचे उत्तर आले नव्हते त्यांची दारे दोन रविवार वाजवली. या वेळी ७८ घरांतून उत्तरे आली. चोवीस तास पाणी हवे असे म्हणणारे ६९ निघाले. त्यासाठी ४०० रुपये द्यायला तयार असलेले ३३. शेवटी ‘आणखी काही सांगायचे आहे का?’ अशी मोकळी जागा ठेवली होती. तिथे बी विंगच्या अकरा घरांनी, बहुतेकांनी छापील कागदावर पेनाने, जवळजवळ सारखेच लिहिले होते: पाणी येते, पण चौथ्या मजल्याच्या वर त्याला जोर नसतो. दोन्ही फॉर्मांवर त्याविषयी एकही प्रश्न नव्हता. प्लंबरने गच्चीवरचा जुना व्हॉल्व्ह उघडून पाहिला आहे. शुल्काचा विषय पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर सहावा आहे.